मुदतीच्या नोकऱ्या, स्पेनचे तरुण आणि आपला नवा कायदा: कामगार विभागाला खुले पत्र

प्रति,
कामगार विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सदस्य

विषय: निश्चित मुदतीच्या रोजगाराबाबत स्पेनचा अनुभव

महोदय, महोदया,

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘निश्चित मुदतीचा रोजगार’ कायद्यात पक्का बसवला. मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी, या तरतुदी चांगल्या आहेत. कंत्राटदारामार्फत कामावर येणाऱ्यापेक्षा त्याची अवस्था, निदान कागदावर, बरी. पण करार किती वेळा पुढे वाढवता येईल, एकूण किती वर्षं चालेल आणि मुळात कोणत्या कामासाठी करता येईल, याबद्दल संहिता गप्प आहे. शिवाय मुदत संपल्यामुळे नोकरी गेली तर ती छाटणी धरली जात नाही, त्यामुळे छाटणीची नुकसानभरपाईही नाही.

स्पेनने १९८४ मध्ये याच वळणाची व्यवस्था केली. ती मोडायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. मधल्या सदतीस वर्षांत त्या देशातल्या तरुणांचं काय झालं, हे आपल्यापुढे तपशिलात ठेवावं म्हणून हे पत्र.

युरोपातल्या बेरोजगारीचा विषय निघाला की आपल्याकडे आधी ग्रीसचं नाव येतं आणि चर्चा सरकारी उधळपट्टीकडे वळते. स्पेनला ते माप लागू पडत नाही. २००७ मध्ये स्पेनचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्याही खाली होतं आणि अंदाजपत्रक शिलकी होतं. त्या वर्षी बेरोजगारीचा दर ८ टक्क्यांच्या आसपास होता, फ्रान्सचाही तेवढाच. सहा वर्षांनी, २०१३ मध्ये, फ्रान्स १० टक्क्यांवर होता आणि स्पेन २६ टक्क्यांवर. पंचविशीच्या आतल्यांमध्ये स्पेनचा आकडा ५५ टक्क्यांवर गेला. बांधकामाचा फुगा स्पेनमध्ये मोठा होता, हे खरं आहे. पण एवढा फरक एकट्या त्या फुग्याने पडत नाही.

(५५ टक्के याचा अर्थ ‘निम्म्याहून अधिक तरुण रिकामे’ असा नाही. हा दर काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या तरुणांमधला आहे. शिकणारे त्यात धरलेले नाहीत. सगळ्या तरुणांमध्ये मोजलं तर साधारण पाचातला एक बेरोजगार होता. भाषणांत पहिला आकडा दुसऱ्याच्या अर्थाने वापरला जातो, म्हणून हा खुलासा. पाचातला एक हाही आकडा भयंकरच आहे.)

१९८४ मध्ये स्पेनमध्ये बेरोजगारी २० टक्क्यांवर होती. कायम कामगाराला काढणं महाग आणि कोर्टकचेरीचं, म्हणून मालक नवी भरती करत नाहीत, असं निदान झालं. त्यावर फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी सरकारने मधला मार्ग काढला: जुन्या कायम कामगारांच्या हक्कांना हात लावायचा नाही, फक्त नव्याने येणाऱ्यांना मुदतीवर घ्यायची मोकळीक द्यायची. तोवर मुदतीचा करार हंगामी किंवा तात्पुरत्या कामापुरताच करता येत असे. आता कामाचं स्वरूप कायम असलं तरी करता येऊ लागला. राजकीयदृष्ट्या सोयीचं होतं. युनियनचे सभासद बहुतेक जुने आणि कायम. ज्यांच्यावर बोजा पडणार ती मुलं अजून कामाला लागायची होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पगारी कामगारांपैकी जवळपास एक तृतीयांश मुदतीवर होते, आणि तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त. २००६ मध्येही एकूण प्रमाण ३० टक्क्यांच्या वरच होतं.

असं का होतं, हे मालकाच्या वहीत बघितल्याशिवाय कळत नाही. रोज ५० युरो पगाराचा कामगार उदाहरणादाखल घेऊ आणि २००८ च्या आर्थिक संकटाच्या उंबरठ्यावरचे, २००७ चे नियम लावू. मुदतीचा करार संपला तर भरपाई दर वर्षामागे ८ दिवसांचा पगार. कायम कामगाराला काढलं आणि कोर्टात ते अन्याय्य ठरलं तर वर्षामागे ४५ दिवस, कमाल ४२ महिन्यांचा पगार. तीन वर्षं झालेल्या मुदतीच्या कामगाराला निरोप द्यायला २४ दिवसांचे १,२०० युरो पुरतात. त्यालाच कायम केलं आणि दुसऱ्या दिवशी काढायची वेळ आली तर मागची सेवाही धरली जाऊन १३५ दिवसांचे ६,७५० युरो. एकूण दहा वर्षांची सेवा झाल्यावर काढलं तर २२,५०० युरो. शिकवून तयार केलेला, कामात वाकबगार झालेला माणूस तिसऱ्या वर्षी नेमका महाग होतो. मग मालक त्याला सोडतो आणि नवा मुलगा घेतो. यात त्याचा दुष्टपणा असायची गरज नाही. कायद्यानेच त्याला हे गणित घालून दिलेलं आहे. ज्याला वर्षभरात सोडायचंच आहे त्याला नवं यंत्र शिकवायला कोणी पैसे घालत नाही, आणि सहा महिन्यांवर नजर असलेला कामगारही ते शिकायला जीव तोडत नाही.

एकदा गणित असं बसलं की पळवाटा आपोआप फुटतात. सोमवारी करार, शुक्रवारी समाप्ती, शनिवार-रविवारचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता वाचला, पुढच्या सोमवारी तोच माणूस नव्या करारावर. बदली शिक्षकांना जूनअखेर निरोप आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा नेमणूक. ‘ठरावीक काम किंवा सेवा’ नावाचा एक करार होता. मुळात तो पूल किंवा इमारत उभी राहीपर्यंतचा; पण सफाई, सुरक्षा, कॉल सेंटर चालवणाऱ्या कंपन्यांनी ‘ग्राहक कंपनीशी आमचं कंत्राट असेतोवर’ अशी मुदत त्यात घालायला सुरुवात केली आणि माणसं वर्षानुवर्षं त्यावर राहिली. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली ती डिसेंबर २०२० मध्ये. २०१९ या एका वर्षात देशात सुमारे २.२५ कोटी करारांवर सह्या झाल्या, त्यांतले जवळजवळ ९० टक्के मुदतीचे. नोकरीत असलेली एकूण माणसं होती दोन कोटींच्या घरात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही एमआयडीसीत, कायमपणाचा दावा करता येऊ नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ मिळालेल्या कामगाराला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

तेजीत हे दुखणं दिसत नाही, उलट कौतुक होतं. १९९५ ते २००७ या काळात स्पेनमध्ये लाखो नोकऱ्या तयार झाल्या. २००७ मध्ये बांधकामावर सत्तावीस लाखांच्या आसपास माणसं होती, एकूण रोजगाराच्या सुमारे १३ टक्के. सोळा-सतरा वर्षांची मुलं शाळा सोडून गवंड्याच्या, फरशीवाल्याच्या हाताखाली जात, कारण तिथे लगेच रोख पैसा होता. २००८ च्या सुमारास १८ ते २४ वयोगटातल्या जवळपास तिघांतल्या एकाने माध्यमिक शिक्षणाचा पुढचा टप्पा न गाठताच शाळा सोडलेली होती. मग बँकांनी कर्ज आखडलं, क्रेन थांबल्या. २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पस्तीस लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. पहिल्या दोन वर्षांत गेलेल्या नोकऱ्यांपैकी बहुतांश मुदतीच्या होत्या. त्यासाठी कोणाला छाटणीची नोटीस द्यावी लागली नाही, कामगार आयुक्तालयात वाटाघाटी झाल्या नाहीत. करार पुढे वाढवले नाहीत, एवढंच. त्याच वेळी, २००९ मध्ये, कायम कामगारांना आधी ठरलेल्या वेतनकरारांप्रमाणे पगारवाढ मिळत होती. धक्का आला तेव्हा पगार, कामाचे तास आणि माणसं या तिन्हींतून काही ना काही कमी करता आलं असतं. कापली गेली ती माणसं, आणि तीही जवळजवळ एकाच वयाची.

नोकरी गेल्यावर बेकारभत्ता तरी मिळाला का? अंशदायी, म्हणजे वर्गणी भरून मिळणाऱ्या, भत्त्यासाठी मागच्या सहा वर्षांत किमान ३६० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ३६० दिवसांवर १२० दिवसांचा भत्ता मिळतो आणि पायरीपायरीने २,१६० दिवसांवर ७२० दिवसांचा. संकटाआधी पंधरा वर्षं एकाच कारखान्यात काढलेल्याला दोन वर्षांचा आधार होता. पाच-पाच महिन्यांचे दोन करार केलेल्या बावीस वर्षांच्या मुलीचे जेमतेम ३०० दिवस भरतात, म्हणजे हा भत्ता शून्य. अंगावर कुटुंब नसेल तर सहा महिन्यांच्या वर्गणीवर सहा महिन्यांचं साहाय्य मिळू शकत होतं, महिना सुमारे ४२६ युरो, तेही उत्पन्नाच्या अटीवर. जो धोका अधिक उचलतो त्याला विमा कमी, असा हा उफराटा प्रकार आहे आणि तो कोणी मुद्दाम आखलेला नाही. कायम नोकरी गृहीत धरून बनवलेल्या नियमांवर तुकड्यांची नोकरी येऊन बसली, त्याचा हा परिणाम. मुलं आईवडिलांच्या घरी राहिली (आजही स्पेनमध्ये घर सोडण्याचं सरासरी वय तिशीच्या आसपास आहे), परिचारिका आणि इंजिनिअर जर्मनी-ब्रिटनला गेले, आणि १५ मे २०११ रोजी माद्रिदचा पुएर्ता देल सोल चौक निदर्शकांनी भरला.

आता उपायांकडे, कारण आपल्याकडे सुचवले जाणारे बहुतेक उपाय स्पेनमध्ये आधीच करून झालेले आहेत.

पहिला, अनुदानाचा. १९९७ पासून सरकार मुदतीच्या कामगाराला कायम केल्यास मालकाला सवलत देत होतं. पैसा भरपूर गेला, प्रमाण हललं नाही. ज्यांना तसंही कायम करायचं होतं त्यांनी सवलत घेतली. इतरांसाठी ती वर मांडलेल्या फरकापुढे किरकोळ होती.

दुसरा, २०१२ चा. मारियानो राखॉय सरकारने कायम कामगाराची भरपाई ४५ वरून ३३ दिवसांवर आणली, कमाल ४२ वरून २४ महिने केली. मुदतीच्या कराराची भरपाई टप्प्याटप्प्याने वाढून २०१५ मध्ये १२ दिवस झाली. दरी कमी झाली, बुजली नाही. त्याच सुधारणेत ५० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांसाठी एक ‘कायम’ करार आणला, ज्यात परीविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ एक वर्षाचा होता. त्या वर्षात भरपाई न देता काढता येई. नावाला कायम, प्रत्यक्षात एक वर्षाचा फुकट करार. २०१८ च्या अखेरीस तो रद्द झाला.

तिसरा, युरोपीय संघाची ‘युवा हमी’. एप्रिल २०१३ मध्ये सर्व सदस्य देशांनी मान्य केलं की शिक्षण किंवा नोकरी सुटल्यापासून चार महिन्यांत प्रत्येक तरुणाला नोकरी, शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी दर्जेदार देऊ करायचं. ज्या प्रदेशांत तरुणांची बेरोजगारी २५ टक्क्यांहून जास्त, त्यांच्यासाठी सुरुवातीला सहा अब्ज युरो बाजूला काढले. कल्पना उत्तम. स्पेनमध्ये अंमल कसा झाला? वेगळी नोंदणी करायची, ऑनलाइन; आणि पात्रतेसाठी मागच्या ३० दिवसांत काम केलेलं नसावं, ९० दिवसांत शिक्षण घेतलेलं नसावं, ३० दिवसांत प्रशिक्षणही नसावं. ज्या देशात मुलं आठवडा-आठवडा काम करून जगत होती तिथे ही अट! वीकेंडला हॉटेलात ताटं उचलली की महिनाभर अपात्र. जी मुलं सर्वांत मागे होती, शाळा सुटलेली, इंटरनेट नसलेली, ती नोंदणीपर्यंत पोचलीच नाहीत. २०१६ च्या अखेरीस अटी सैल केल्या. तोवर संकटाची सर्वांत वाईट वर्षं उलटून गेली होती.

महासाथीत एक वेगळी गोष्ट सिद्ध झाली. २०२० मध्ये ‘एर्ते’ या योजनेखाली कंपन्यांनी कामगारांना न काढता काम थांबवलं किंवा तास कमी केले, आणि वेतनाचा मोठा भाग सरकारने उचलला. ऐन टाळेबंदीत तीस लाखांहून अधिक कामगार त्यात होते आणि बहुतेक परत कामावर आले. पण ज्यांचे करार त्याच महिन्यांत संपत होते त्यांतले कितीतरी पुन्हा बाहेर राहिले. तरुणांचा दर परत ४० टक्क्यांपर्यंत चढला.

म्हणून २०२१ च्या अखेरीस सरकार, मालक संघटना आणि दोन मोठ्या युनियन यांच्या सहमतीने मूळ रचनाच बदलली. (संसदेत ती १७५ विरुद्ध १७४ अशी एका मताने तरली, आणि ते एक मत विरोधी पक्षाच्या सदस्याने चुकून दिलेलं होतं. सदतीस वर्षांचा प्रश्न एका चुकीच्या बटणावर सुटला!) तिचे भाग आपल्या विधी सल्लागारांनी सुटे करून बघावेत असे आहेत. करार कायमच, हे गृहीत. मुदतीचा करायचा तर दोनच कारणं: उत्पादनातली तात्पुरती वाढ किंवा रजेवरच्या माणसाची बदली. पहिल्या कारणाला सहा महिन्यांची मर्यादा, त्या उद्योगाच्या सामूहिक कराराने फार तर बारा. कारण, परिस्थिती आणि मुदतीशी तिचा संबंध करारात लिहिलेला हवा. नसेल तर कामगार कायम. चोवीस महिन्यांत अठरा महिने मुदतीवर काढले तर कायम, आणि ही मोजणी माणसाइतकीच जागेचीही होते: एकाच जागेवर आलटूनपालटून वेगवेगळी माणसं बसवून अठरा महिने काढले तरी त्या वेळी तिथे असलेला माणूस कायम होतो. ३० दिवसांपेक्षा छोट्या करारांवर दर समाप्तीमागे जादा वर्गणी, सुरुवातीला साधारण २६ युरो; सोमवार-शुक्रवारचा खेळ त्यामुळे महाग झाला. दंड पूर्वी आस्थापनेमागे एकदाच व्हायचा, आता कामगारामागे होतो, १,००० ते १०,००० युरो. ‘ठरावीक काम किंवा सेवा’ करार रद्द. हंगामी कामासाठी ‘कायम-खंडित’ करार: हॉटेल किंवा फळबाग बंद असते तेव्हा कामगार घरी, हंगाम आला की ठरलेल्या क्रमाने त्याला बोलवावंच लागतं, सेवा सलग धरली जाते.

मुदतीच्या कामगारांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून दोनेक वर्षांत १७ टक्क्यांच्या आसपास आलं. नव्या करारांत कायमचा वाटा पूर्वी दहातला एक होता, तो ४० टक्क्यांच्या वर गेला. याच काळात किमान वेतन महिना सुमारे ७३६ युरोंवरून (२०१८) २०२५ मध्ये १,१८४ वर नेलं, आणि तरीही रोजगार वाढत राहिला. ‘कायम करायला लावलं तर नोकऱ्याच जातील’ हे भाकीत निदान आतापर्यंत खरं ठरलेलं नाही.

दोष मात्र आहेत आणि ते झाकू नयेत. परीविक्षेच्या काळात ‘नापास’ करून काढण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. पळवाट दुसरीकडून फुटली. कायम-खंडित कामगार घरी बसलेला असताना नोंदणीकृत बेरोजगारांत मोजला जात नाही, त्यामुळे तो सरकारी आकडा दिसतो त्यापेक्षा देखणा असतो. सरकार स्वतः सर्वांत वाईट मालक राहिलं: शिक्षण आणि आरोग्यात मुदतीवरच्यांचं प्रमाण अजून खासगी क्षेत्राच्या दुपटीहून जास्त आहे. आणि पंचविशीच्या आतल्यांमध्ये बेरोजगारी २०२४ मध्येही चारातला एक होती. जी पिढी २००९ ते २०१४ मध्ये विशीत होती तिची शिकायची वर्षं कोणत्याच कायद्याने परत येत नाहीत.

मालकवर्गाची बाजूही ऐकली पाहिजे. ४५ दिवस आणि लांबलचक खटले हा स्पेनच्या दुखण्याचा अर्धा भाग होता. आपल्याकडेही छाटणीचा वाद वर्षानुवर्षं लोंबकळतो, आणि त्याला भिऊन छोटा कारखानदार माणूस मस्टरवर घेत नाही, हे खोटं नाही. छाटणीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेऊन संहितेने मोठ्या वर्गाला मोकळीक दिली आहे. मग त्याच वेळी मुदतीच्या कराराचं दार सताड उघडं ठेवायची गरज काय, याचं उत्तर मिळायला हवं.

आपल्याकडून आमची अपेक्षा राज्याच्या अखत्यारीतल्या गोष्टींचीच आहे. प्रत्येक मुदतीच्या कराराची सुरुवात, शेवट, पद आणि समाप्तीचं कारण यांची ऑनलाइन नोंद सक्तीची करावी आणि दर तिमाहीला तीन आकडे जाहीर करावेत: बारा महिन्यांच्या आतले करार किती, तोच कामगार त्याच आस्थापनेत ६० दिवसांच्या आत परत किती वेळा घेतला गेला, आणि एकाच जागेवर दोन वर्षांत किती माणसं बदलली. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख असतेच, त्यामुळे पडताळणी अवघड नाही. स्पेनचे आकडे बोलू शकले कारण प्रत्येक करार नोंदला जात होता. आपल्याकडे ती नोंदच नसेल तर वीस वर्षांनी वाद घालायलाही काही हाती नसेल.

एक वर्ष भरल्यावर ग्रॅच्युइटी, म्हणजे अकरा महिन्यांचे करार येणार. भाडेकराराच्या अकरा महिन्यांची आपल्याला सवय आहेच. ही अट काढून महिन्याच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तोपर्यंत उद्योगांना राज्य जी प्रोत्साहनं देतं त्यांत नव्या रोजगाराची मोजणी करताना बारा महिन्यांच्या आतले करार धरू नयेत. वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यातच म्हटलं होतं. साखळी करार, म्हणजे एकामागून एक केलेले मुदतीचे करारही, त्याच व्याख्येत येतात, असं स्पष्ट परिपत्रक निघावं आणि निरीक्षकांनी माणसासोबत जागाही मोजावी.

शेवटचा मुद्दा शासनाच्या स्वतःच्या आस्थापनेचा. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिका, आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा हजार ते दहा हजार रुपये विद्यावेतनावर आधी सहा आणि मग मुदत वाढून एकूण अकरा महिने कार्यालयं सांभाळलेली मुलं, या तिन्ही गटांत काम कायमचं आहे आणि माणूस मुदतीचा. या जागांची विभागवार यादी, प्रत्येक जागा किती वर्षं अशी भरली जाते आहे त्यासह, येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी.

आपले,
कामगार कायदा आणि रोजगाराची आकडेवारी यांचा अभ्यास करणारे काही जण